भिंतीआधीचा कागद

भिंतीला चुन्याचा पहिला हात मारला की निराशाच होते. ओल्या चुन्याखालून जुने डाग, काजळीचे ओघळ, खिळ्यांच्या खुणा सगळं तसंच दिसत राहतं. नवखा माणूस लगेच दुसरा हात मारायला धावतो. जाणता रंगारी म्हणतो, थांबा, वाळू द्या. आणि वाळल्यावर तीच भिंत पांढरीशुभ्र निघते. चुना तोच, भिंत तीच. मग हा फरक येतो कुठून?

सगळी करामत पाण्याची आहे. चुन्याचा थर म्हणजे अतिशय बारीक कणांची दाटी. भिंत कोरडी असते तेव्हा कणांमधल्या फटींत हवा असते. प्रकाशाचा किरण हवेतून कणात शिरताना वळतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो आणि असा असंख्य वेळा विखुरत आपल्या डोळ्यांकडे परत येतो. म्हणून थर पांढरा दिसतो. फटींत पाणी भरलेलं असलं की हे वळणं कमी होतं, कारण हवा आणि चुना यांच्यात प्रकाशाच्या दृष्टीने जेवढी तफावत आहे, तेवढी पाणी आणि चुना यांच्यात नाही. किरण सरळ खोल जातो, खालच्या डागापर्यंत पोचतो आणि तिथेच शोषला जातो. ओली भिंत गडद दिसते ती यामुळे.

घर रंगवणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचं असतं की धीर धरावा. पण ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरच चित्र काढायचं असेल तर? आज लावलेला हिरवा वाळल्यावर किती फिका होईल ते आज दिसत नाही, आणि दिसेल तेव्हा हात फिरवायची सोय उरलेली नसते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या संसदभवनात चित्रं काढणाऱ्या विल्यम डाइस या चित्रकारापुढे हाच पेच होता. भिंतीला हात लावण्यापूर्वी तो कागदावर जलरंगात चित्र रंगवून घेत असे. त्यातलं १८४९ सालचं एक आज एडिंबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. त्याचं नाव ‘पायटी’, म्हणजे भक्तिभाव. टेबलावर सहज मावेल एवढा तो कागद आहे. त्याचं काम मात्र मोठं होतं, आणि ते समजण्यासाठी आधी भिंत समजून घ्यावी लागते.

आगीनंतरची भिंत

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनचं जुनं संसदभवन जळालं. हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या खाचा पाडलेल्या जुन्या लाकडी काठ्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळत होते, तिथून आग पसरली. चार्ल्स बॅरी या वास्तुरचनाकाराने नवी इमारत उभारायला घेतली आणि एवढ्या भिंतींवर चितारायचं काय हा प्रश्न आला. १८४१ मध्ये त्यासाठी एक आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट, चिटणीस होते चित्रकार चार्ल्स ईस्टलेक. १८४३ मध्ये आयोगाने चित्रकारांची खुली स्पर्धा घेतली. ओढा इटलीतल्या जुन्या चर्चांसारख्या, ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रांकडे होता. अशा चित्राला फ्रेस्को म्हणतात.

अडचण एवढीच की इंग्लंडमध्ये ही विद्या कुणाच्या हातात नव्हती. डाइस मूळचा स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा. रोममध्ये राहून जुनी इटालियन चित्रकला त्याने जवळून पाहिली होती. पुढे तो पुन्हा इटलीला गेला, भिंतींवरचे गिलाव्याच्या तुकड्यांमधले जोड तपासले आणि फ्रेस्कोच्या तंत्रावर आयोगाला टिपण लिहून दिलं. १८४६ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहातलं त्याचं फ्रेस्को पुरं झालं, आणि १८४८ मध्ये राणीच्या ‘रोबिंग रूम’चं काम त्याच्याकडे आलं. संसदेच्या अधिवेशनाचं उद्घाटन करण्यापूर्वी राजा किंवा राणी ज्या दालनात झगा आणि मुकुट चढवतात, ते हे दालन.

ओल्या गिलाव्याचं घड्याळ

चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी ओतलं की ती फसफसते, तापते, फुलते आणि विरते. हा विरलेला चुना पाण्याखाली झाकून मुरवत ठेवतात. मग त्यात रेती मिसळून गिलावा. खालचा थर जाड आणि खरबरीत, वरचा पातळ आणि गुळगुळीत. या वरच्या थरावर, तो ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे. डिंक नाही, तेल नाही, सरस नाही.

मग रंग भिंतीला धरतो कसा? गिलाव्यातलं पाणी हळूहळू उडू लागतं. त्याबरोबर थोडा विरघळलेला चुना पृष्ठभागाकडे येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. हे बारीक स्फटिक रंगाच्या कणांभोवती तयार होतात आणि कण त्यांत अडकून बसतात. म्हणजे भट्टीत जे गमावलं होतं ते चुना भिंतीवर परत मिळवतो आणि चित्र दगडाचा भाग होतं. पाण्याने पुसून ते जात नाही ते याच कारणाने.

मात्र हे सगळं घडायला वेळेची चौकट आहे. गिलावा ताजा असेपर्यंत तो रंग पितो. काही तासांत वरती पापुद्रा धरतो, आणि त्यानंतर लावलेला रंग भिंतीत न मुरता वर नुसता बसतो आणि पुढे झडतो. म्हणून गवंड्याने सकाळी तेवढाच गिलावा लावायचा जेवढा चित्रकार संध्याकाळपर्यंत रंगवील. एक चेहरा आणि खांदा म्हणजे एक दिवस. मोकळं आकाश असेल तर बराच मोठा तुकडा. उरलेला कोरा गिलावा संध्याकाळी कडेने तिरपा कापून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा तुकडा त्याला भिडवायचा. जोड लपवण्यासाठी तो झग्याच्या कडेवर किंवा हाताच्या बाह्यरेषेवर धरायचा. जुन्या फ्रेस्कोवर बाजूने उजेड टाकला की हे जोड आजही दिसतात, आणि कोणता तुकडा आधी झाला, कोणता नंतर, तेही ओळखता येतं.

चूक झाली तर एकच उपाय: तो तुकडा टाकीने उडवायचा आणि नवा गिलावा घालून पुन्हा सुरुवात करायची. इंग्लंडच्या थंड, दमट हवेत तर अशा कामाला मुख्यतः उन्हाळ्याचेच महिने मिळत. हिवाळा आराखड्यांत जाई.

रंगांचंही बंधन होतं. चुना तीक्ष्ण असतो, त्यात सगळे रंग टिकत नाहीत. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळीचा काळा हे रंग चालतात. झाडांपासून आणि किड्यांपासून काढलेले बरेच सुंदर लाल रंग चुना खाऊन टाकतो. पांढऱ्यासाठी चुनाच वापरायचा.

थोडक्यात

> चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाणी घातलं की विरलेला चुना, आणि हवा लागली की पुन्हा चुनखडी. फ्रेस्कोचा रंग या शेवटच्या पायरीत भिंतीत कोंडला जातो. त्यामुळे रंग ओल्यावरच लावावा लागतो, दिवसाला एकच तुकडा होतो, आणि खरा रंग वाळल्यावरच कळतो.

मग जलरंगच का?

आता त्या कागदाकडे येऊ. ज्याला भिंतीवर विचार करायला सवड नाही, त्याने सगळा विचार आधी करून ठेवला पाहिजे. जलरंगातलं अभ्यासचित्र हे त्या विचाराचं साधन.

तैलरंगातही कच्चं चित्र करता येतं आणि अनेक जण करत. पण जलरंगाचं फ्रेस्कोशी नातं अधिक जवळचं आहे. दोन्हीकडे रंग पाण्यात कालवलेला असतो, आणि दोन्हीकडे वाळल्यावर चकाकी नसते. जलरंगात रंगाचे कण बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाने कागदाला चिकटतात. थर इतका पातळ की उजेड त्यातून कागदापर्यंत जातो आणि पांढऱ्या कागदावरून परत येतो. चित्राला तेज येतं ते आतल्या कागदाचं. वाळलेल्या फ्रेस्कोत हेच काम चुन्याचा पांढरा गिलावा करतो. तेलात रंगवलेलं कच्चं चित्र खोल, काळसर सावल्यांचा मोह घालतं, आणि त्या सावल्या भिंतीवर उतरत नाहीत. जलरंगातलं चित्र मात्र चित्रकाराला भिंतीच्या आवाक्यात ठेवतं.

शिवाय ते झटपट होतं. १८३० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये ओलसर जलरंग तयार मिळू लागले होते, वडी घासत बसायची गरज उरली नव्हती. जस्तापासून केलेला दाट पांढरा रंगही १८३४ मध्ये बाजारात आला. हा पांढरा मिसळला की जलरंग अपारदर्शक होतो आणि आधीच्या रंगावर नवा रंग चढवून मत बदलता येतं. भिंतीवर जी मुभा नाही ती कागदावर अशी मिळते.

या कागदावर ठरतं काय? पात्रांची जागा पेन्सिलीच्या रेखाटनांतही ठरते. जलरंगात ठरतं ते वजन. लाल झगा डावीकडे असेल तर त्याला तोलून धरणारा दुसरा लाल कुठे, उजेड कोणत्या बाजूने येतो, दालनात शिरणाऱ्याची नजर पहिल्यांदा कुठे जाईल, मागचा गड किती फिका ठेवला म्हणजे पुढची माणसं उठून दिसतील. तुकड्या-तुकड्याने रंगवणाऱ्याला याची फार गरज असते. आज रंगवलेला बाहीचा तुकडा महिन्याभरापूर्वी रंगवलेल्या बाहीला जुळायचा, तर ओल्या गिलाव्यावर नजर ठेवून चालत नाही, कागदावर ठेवावी लागते. वाळल्यावर रंग कसा दिसेल याचा अंदाज घ्यायला चित्रकार पाणी चटकन शोषणाऱ्या कोरड्या तुकड्यावर एक ठिपका टेकवून बघत आणि मग तो ठिपका अभ्यासचित्राशी ताडत.

आणखी एक काम होतं, आणि त्यावर चित्राचं नशीब अवलंबून असे. आयोगातल्या सभासदांना भिंत डोळ्यांपुढे आणता येत नव्हती. त्यांना चित्र दाखवावं लागे. मंजुरी मिळायची ती या कागदाला.

मंजुरीनंतर चित्र मोठं करायचं. अभ्यासचित्रावर चौकटी आखायच्या, तितक्याच मोठ्या चौकटी भिंतीएवढ्या कागदावर, आणि एकेका चौकटीतली रेष तिथे उतरवायची. या मोठ्या कागदावर रंग नसतो, फक्त रेषा आणि सावली. त्या रेषा भिंतीवर नेण्याची एक पद्धत आपल्याकडच्या रांगोळीच्या छाप्यासारखी आहे: रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद गिलाव्यावर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. भोकांतून पूड पडून ठिपक्यांची रेष उमटते. दुसऱ्या पद्धतीत बोथट टोकाने रेष दाबून ओल्या गिलाव्यात चरा पाडतात.

गुण दिसतो कसा?

इथवर कसब झालं. रूपकाचा प्रश्न याहून अवघड होता. दया, औदार्य, भक्ती यांना चेहरा नसतो. त्यांचं चित्र काढायचं कसं?

एक जुनी वाट म्हणजे गुणालाच माणूस करायचं आणि त्याच्या हाती खूण द्यायची. डाइसनेच १८४७ मध्ये आइल ऑफ वाइटवरच्या राणीच्या ऑस्बोर्न वाड्यात तसं केलं होतं. तिथल्या जिन्यावरच्या फ्रेस्कोत समुद्रदेव नेपच्यून सागराचं राज्य ब्रिटानियाच्या, म्हणजे स्त्रीरूपातल्या ब्रिटनच्या, स्वाधीन करतो. तिच्या बाजूला व्यापार, उद्योग आणि नौकानयन माणसांच्या रूपात उभे आहेत.

रोबिंग रूमसाठी त्याने दुसरी वाट धरली. विषय होता राजा आर्थर आणि त्याचे गोलमेजाचे सरदार. आधार सर टॉमस मॅलरीचा ग्रंथ, १४८५ मध्ये छापलेला. पण या कथांत व्यभिचार आहे, दगा आहे, भावाने भावाला मारणं आहे. राणीच्या दालनात हे कसं लावणार? डाइसने ईस्टलेकना सुचवलं की कथा क्रमाने सांगूच नये. एकेक सरदार म्हणजे एकेक सद्गुण असं मानावं आणि तो गुण दिसेल असा प्रसंग तेवढा उचलावा. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. ट्रिस्ट्रम आणि इसोल्ड यांचं प्रेम लग्नाबाहेरचं. पण तो तिला वीणेसारखं वाद्य वाजवून दाखवतो तेवढा क्षण घेतला की चित्राचं नाव होतं ‘सौजन्य’. गवेनच्या हातून एक स्त्री मारली जाते. पण आर्थरच्या राणीसमोर तो पुढे दया दाखवण्याची शपथ घेतो तो क्षण घेतला की ‘दया’.

‘भक्तिभाव’मध्ये ही युक्ती पुरेशी ठरली नाही. त्या जलरंगातला प्रसंग आहे सरदार ग्रेलच्या शोधाला निघतात तो. ग्रेल म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातलं पवित्र पात्र. निघणं भक्तीचं आहे हे खरं. पण मॅलरीच्या कथेत आर्थर या निरोपाच्या वेळी शोक करतो, कारण हे सगळे पुन्हा एकत्र येणार नाहीत हे त्याला कळलेलं असतं. आर्थरची राणी ग्विनेव्हिअर आणि तिचा प्रियकर सरदार लान्सलॉट यांचा निरोपही तिथेच. पाहणाऱ्याला भक्ती दिसण्याआधी ताटातूट दिसते. राजाच्या दालनासाठी राजाचा दरबार मोडण्याची सुरुवात! हे चित्र भिंतीवर गेलं नाही. त्याच्या जागी १८५१ मध्ये ‘धर्म’ हे फ्रेस्को आलं. गॅलाहॅड, पर्सिव्हल आणि बोर्स हे सरदार आणि पर्सिव्हलची बहीण यांना झालेलं दर्शन त्यात आहे. कथेप्रमाणे ते एका पांढऱ्या हरणामागे आणि चार सिंहांमागे एका तपस्व्याच्या प्रार्थनास्थळात जातात. तिथे हरणाचा मनुष्य होऊन तो वेदीवर बसतो आणि सिंहांचे मनुष्य, सिंह, गरुड आणि बैल होतात. ख्रिस्ती परंपरेत ही चार शुभवर्तमानकारांची चिन्हं आहेत. इथे दुसरा अर्थ काढायला जागाच नाही.

म्हणून नाकारलेलं अभ्यासचित्र मला स्वीकारलेल्या चित्राहून अधिक बोलकं वाटतं. भिंतीवरून फक्त निर्णय कळतो. कागदामुळे त्या निर्णयाआधी पुढे आलेली दुसरी शक्यताही कळते.

ही चित्रं पाहताना मराठी वाचकाने सनावळीही समोर ठेवावी. डाइसला हे काम मिळालं त्या १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं. ‘दया’ पुरं झालं त्या १८५४ साली नागपूरचं. ‘औदार्य’ हे फ्रेस्को या दोहोंच्या मधल्या १८५२ सालचं आहे. चित्रकाराचा यात हात नव्हता. पण राज्यकर्ते स्वतःला कोणत्या गुणांनी ओळखू इच्छित होते ते त्या दालनात लिहिलेलं आहे, आणि ते गुण आपल्यापर्यंत कितपत पोचले हे आपल्याला ठाऊक आहे.

लंडनची हवा

ठरलेल्या सात फ्रेस्कोंपैकी पाचच झाली. पाचवं, ‘आतिथ्य’, डाइसच्या हातून पुरं झालं नाही. तो १८६४ च्या फेब्रुवारीत वारला आणि ते चार्ल्स कोप या चित्रकाराने संपवलं. शेवटची वर्षं कामाच्या उशिराबद्दलचे बोल ऐकण्यात गेली. ओल्या गिलाव्याची घाई आणि सरकारी कराराची घाई या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली डाइसने सांभाळली, दुसरी त्याला झेपली नाही.

दरम्यान संसदेतली इतरांची फ्रेस्को काही वर्षांतच काळवंडून पोपडे धरू लागली होती. यामागेही चुन्याचंच रसायन आहे. लंडन दगडी कोळसा जाळत असे. कोळशातल्या गंधकाचा वायू होतो, तो दमट भिंतीवर आम्ल बनतो, आणि हे आम्ल रंगाला धरून ठेवणाऱ्या चुनखडीचं जिप्सम करतं. जिप्सम तेवढ्याच चुनखडीच्या जवळजवळ दुप्पट जागा व्यापतं. आतून फुगवटा आला की वरचा पापुद्रा सुटणारच. डाइसचं काम त्यातल्या त्यात बरं टिकलं, कारण त्याने नियम पाळले: ओलं असतानाच रंगवायचं, वाळल्यावरची डागडुजी टाळायची.

पुढच्या चित्रकारांनी चुन्याचा नाद हळूहळू सोडला. डॅनिअल मॅक्लीझने संसदेतच नेल्सन आणि वेलिंग्टन यांची प्रचंड चित्रं रंगवली, ती काचद्रवाच्या म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या सिलिकेटच्या आधारावर. फ्रेडरिक लेटनने साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातली युद्ध आणि शांतता यांची भित्तिचित्रं मेण आणि राळ मिसळलेल्या रंगांत केली. मँचेस्टरच्या नगरगृहात फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने शेवटची काही चित्रं सरळ कॅनव्हासवर रंगवली.

साउथ केन्सिंग्टन ते अजिंठा

डाइस लंडनच्या ज्या सरकारी कलाशाळेचा सुरुवातीच्या काळात प्रमुख होता, तीच पुढे साउथ केन्सिंग्टनला गेली. तिथे शिकलेले जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले आणि १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करू लागले. हे काम १८८५ पर्यंत चाललं. अजिंठ्याची भिंत मात्र वेगळ्या तंत्राची आहे. माती, भुसा आणि गवताचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तिथल्या चित्रकारामागे वाळत्या चुन्याचं घड्याळ नव्हतं. गिलाव्याची तिरपी कापलेली कड तिथे शोधून सापडणार नाही ती यामुळे. ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच प्रती लंडनला पाठवल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या.

कागद पाहायचा कसा

कागदाचं आयुष्यही बेभरवशाचंच. भिंतीवर चालणार नाहीत असे नाजूक लाल आणि निळे कागदावर चालतात, पण उजेडाने उडतात. आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालयं जलरंग ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात आणि थोड्या काळासाठी लावतात. भर उन्हातला उजेड सुमारे एक लाख लक्स असतो, त्यावरून कल्पना यावी. बाकीचा काळ चित्र अंधाऱ्या कपाटात सपाट ठेवलेलं असतं, आणि पुष्कळ संग्रहालयांत आधी कळवून वेळ घेतली तर ते काढून दाखवतात. अशी संधी मिळाली तर कागद जवळून, थोडा तिरक्या उजेडात बघावा. रंगाखाली पेन्सिलीची रेष कुठे जुळते आणि कुठे सुटते, दाट पांढऱ्याचा उंचवटा कोणत्या हाताशी किंवा चेहऱ्याशी आहे, चौकटी आखल्या आहेत की नाहीत, हे शोधावं. पांढरा जिथे दाट असतो तिथे चित्रकाराने मत बदललेलं असू शकतं. चौकटी दिसल्या तर ते चित्र मोठं करण्यासाठी वापरलं गेलं असं समजावं.